तीन नंबरचा बोअर दर पावसाळ्यात का बिघडतो?

समस्या अशी. कारखान्याच्या आवारात भूजल तपासणीसाठी पाच बोअर मारलेले आहेत. कागदोपत्री त्यांना पिझोमीटर म्हणतात, चौकीदारापासून मॅनेजरपर्यंत सगळे बोअरच म्हणतात. दर तिमाहीला नमुने काढायचे, लॅबला पोचवायचे, रिपोर्ट फाइलला लावायचा. चार बोअर वर्षभर शहाण्यासारखे वागतात. तीन नंबर मात्र ऑगस्ट उजाडला की बिघडतो. गढूळपणा वाढतो, लोह वाढतं, नायट्रेट 45 मिलिग्रॅम प्रति लिटरची मर्यादा ओलांडतं, कोलिफॉर्म, म्हणजे घाण पाणी मिसळल्याची खूण असलेले जंतू, निघतात. जानेवारीत सगळं जागेवर. पुढच्या ऑगस्टला पुन्हा तोच तमाशा.

इंदूरच्या आसपास हेच काम करणाऱ्या तिघांनी या वर्षी मला हाच प्रश्न विचारला. बोअर वेगळे, कारखाने वेगळे, महिना तोच. फोनवर प्रत्येकाला तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. आधीच कबूल करते की आमचं कोडं सुटायला तीन पावसाळे गेले, आणि त्यातले दोन माझ्याच हट्टामुळे गेले. पावसाने जमिनीतलं प्रदूषण धुऊन खाली नेलं, हे स्पष्टीकरण मला इतकं पटलेलं होतं की बोअरकडे नीट पाहावं असं मनातच आलं नाही. मॅनेजर म्हणायचे लॅब चुकते. लॅबवाले म्हणायचे नमुना नीट घेत नाहीत. तिघेही थोडेथोडे बरोबर होतो, म्हणून भांडण मिटत नव्हतं.

आधी कागद, मग बोअर

रिपोर्ट आला की आपण लाल अक्षरातला एक आकडा बघतो आणि त्यावरच वाद घालतो. तसं करू नका. त्या बोअरचे जितके जुने रिपोर्ट असतील तितके एका तक्त्यात उतरवा, शेजारी पाण्याची पातळी आणि नमुन्याच्या आधीच्या आठवड्यातला पाऊस लिहा. मग कोण कोणाबरोबर चढतो-उतरतो ते बघा. एकटा आकडा काही बोलत नाही, जोडीने हलणारे आकडे बोलतात.

लोह, मँगनीज, ॲल्युमिनियम आणि गढूळपणा हातात हात घालून चढत असतील तर बाटलीत पाण्याबरोबर माती गेली आहे. जस्त आणि लोह दोन्ही वाढलेले आणि केसिंग, म्हणजे बोअरमध्ये उतरवलेला पाइप, जीआयचं (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचं), तर पाइप गंजतोय. पीएच 10 च्या वर गेला असेल तर रसायन सांडल्याची बोंब मारण्याआधी बोअरभोवती भरलेल्या सिमेंटवर संशय घ्या. ओलं सिमेंट पाण्यात उतरलं की पीएच असाच चढतो आणि महिनोन्‌महिने उतरत नाही. पाचही बोअरमध्ये एकच घटक एकाच फेरीत उसळला असेल तर बाटल्या, ॲसिड किंवा लॅब. जमिनीखालचं पाणी पाच ठिकाणी एकाच दिवशी तसं वागत नाही.

आमच्या तक्त्यात एक गोष्ट पहिल्या दिवसापासून समोर होती आणि मी ती वाचली नव्हती. ऑगस्टमध्ये नायट्रेट आणि कोलिफॉर्म चढत होते, पण ईसी, म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता, उतरत होती. क्लोराइड आणि कठीणपणाही उतरत होता. आता विचार करा. खरोखर प्रदूषित पाणी खडकातून झिरपत आलं असतं तर त्याने बरोबर क्षारही आणले असते. क्षार कमी आणि जंतू जास्त असं पाणी वरून ताजं पडलेलं असतं, कुठेही न मुरता थेट आत शिरलेलं असतं. रामबागेतल्या आमच्या वाड्यात विहीर होती. शहरात 1978 मध्ये नर्मदेचं पाणी आलं, तरी आजी तुळशीला आणि धुण्याला विहिरीचंच वापरायची, आणि पहिल्या पावसानंतर आठवडाभर ते पाणी स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही. "विहिरीत ओहोळ आलाय," एवढंच म्हणायची. मी एम.एस्सी. केलं आणि तेच विसरले.

कागदावरची आणखी एक तपासणी फुकट आहे आणि कोणी करत नाही: आयन संतुलन. धन आयनांची बेरीज आणि ऋण आयनांची बेरीज मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे वजनाऐवजी विद्युतभार मोजणाऱ्या एककात, जवळजवळ सारखी यायला हवी. फरक 5 टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, 10 च्या पलीकडे गेला तर त्या रिपोर्टवरून भांडू नका, आधी रिपोर्टशी भांडा. समजा लिटरला मिलिग्रॅममध्ये कॅल्शियम 80, मॅग्नेशियम 36, सोडियम 69 आलं. त्यांना अनुक्रमे 20, 12 आणि 23 ने भागलं की 4, 3 आणि 3, बेरीज 10. बायकार्बोनेट 244, क्लोराइड 106, सल्फेट 48 असेल तर 61, 35.5 आणि 48 ने भागून 4, 3 आणि 1, बेरीज 8. फरक 2, दोन्हींची बेरीज 18, म्हणजे 11 टक्के. कुठेतरी दोन मिलिइक्विव्हॅलंट ऋण आयन हरवले.

आमच्याकडे ते बहुतेक वेळा गाडीत हरवायचे. बेसाल्टमधल्या बोअरचं पाणी कठीण असतं आणि त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. बाटली अर्धवट भरली आणि उन्हात तापली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि चुना तळाशी बसतो. कॅल्शियमची बाटली ॲसिड घातलेली असते, तिथे चुना विरघळूनच राहतो. अल्कलिनिटी, जिच्यावरून बायकार्बोनेट काढतात, ती मात्र साध्या बाटलीतून मोजतात, तिथे बायकार्बोनेट कमी भरतं. संतुलन बिघडतं आणि दोष लॅबच्या माथी जातो. उपाय साधा आहे. बाटली काठोकाठ भरा, बर्फाच्या पेटीत ठेवा, पीएच आणि अल्कलिनिटी जमेल तर बोअरपाशीच मोजा. लॅबमधला पीएच हा लॅबमधल्या पाण्याचा असतो.

उपसा किती केला, खरं सांगा

फॉर्मवर एक रकाना असतो: नमुन्याआधी उपसा केला का? उत्तर नेहमी "हो, तीन वेळा". मीही वर्षानुवर्षं हेच लिहिलं आहे. आता हिशेब करू. केसिंगमध्ये साचून राहिलेलं पाणी हे खडकातलं पाणी नव्हे. ते हवा लागलेलं, पाइपला चिकटलेलं, शिळं पाणी. म्हणून केसिंगच्या आकारमानाच्या निदान तीन पट पाणी काढून मग नमुना घ्यायचा अशी जुनी पद्धत. चार इंची म्हणजे 100 मिलिमीटरच्या केसिंगमध्ये दर मीटरला 7.85 लिटर पाणी मावतं. पाण्याचा उभा स्तंभ 14 मीटर असेल तर 110 लिटर, तिप्पट म्हणजे 330. एक लिटरचा बेलर, म्हणजे दोरीला बांधलेली पाणी काढायची नळी, घेऊन कोण 330 वेळा दोरी ओढतो? सहा इंची बोअरमध्ये 20 मीटर पाणी असेल तर हाच आकडा हजार लिटरच्या वर जातो. आमचा मदतनीस वीसेक बेलर काढायचा, मग माझ्याकडे बघायचा, मी घड्याळाकडे बघायचे आणि फॉर्मवर "तीन वेळा" उतरायचं.

शिवाय बेलर स्वतःच गाळ उठवतो. धपकन सोडला की पिस्टनसारखा काम करतो आणि तळाचा गाळ ढवळून वर आणतो. त्याच पाण्याची धातूंची बाटली भरली, तिच्यात पीएच 2 च्या खाली जाईपर्यंत नायट्रिक ॲसिड घातलं की ॲसिड गाळातले धातू ओरबाडून पाण्यात आणतं. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत आणि तिच्या खालच्या बेसाल्टमध्ये लोह तर भरपूर आहेच, थोडं क्रोमियम आणि निकेलही निसर्गतःच असतं. कारखान्याच्या आवारातल्या बोअरमध्ये "क्रोमियम आढळले" असं छापून आलं की मीटिंग बोलावली जाते. दोन वेळा अशा मीटिंगला बसले आहे. दोन्ही वेळा क्रोमियम मातीचं होतं.

म्हणून धातूंसाठी दोन बाटल्या भरा. एक 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून बोअरपाशीच गाळून मग ॲसिड घातलेली, दुसरी न गाळता ॲसिड घातलेली. क्रम महत्त्वाचा आहे: आधी गाळणं, मग ॲसिड. उलट केलंत तर जे गाळायचं तेच विरघळून गेलेलं असतं. लॅबमध्ये नेऊन गाळू म्हणालात तर विरघळलेलं लोह वाटेतच हवेने तांबडं होऊन तळाला बसतं आणि फिल्टरवर अडकतं, मग गाळलेल्या बाटलीत लोह खोटंच कमी दिसतं. दोन बाटल्यांच्या आकड्यांत मोठा फरक असेल तर धातू गाळात आहे, पाण्यात नाही. लेबलवर "गाळलेले" किंवा "न गाळलेले" ठळक लिहा, नाहीतर लॅबवाले रिपोर्टवर नुसतं "लोह" लिहून मोकळे होतात. जाता जाता: जुन्या रिपोर्टांत लोहाची मर्यादा 0.3 मिलिग्रॅम दिसेल. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस 10500 मध्ये, 2015 च्या दुरुस्तीने ती 1.0 झाली. काही लॅबच्या छापील फॉर्मवर अजून जुनीच आहे, त्यामुळे निम्मी लाल अक्षरं तिथेच गळून पडतात.

बेलर सोडून आम्ही हळू उपशाचा छोटा पंप घेतला. पंप पाण्याच्या स्तंभाच्या वरच्या टोकाला नको, तळाला तर अजिबात नको, पाणी जिथून आत येतं त्या जाळीच्या मध्यावर सोडायचा. मिनिटाला 100 ते 500 मिलिलिटर, म्हणजे नळ टपकतो त्याहून जरा जास्त. पातळी मोजत राहायची, ती दहा सेंटीमीटरपेक्षा जास्त उतरता कामा नये. दर तीन ते पाच मिनिटांनी पीएच, ईसी, तापमान, ऑक्सिजन आणि गढूळपणा लिहायचा. लागोपाठ तीन नोंदींत पीएच 0.1 च्या आत, ईसी 3 टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजन 10 टक्क्यांच्या आत स्थिरावला की बाटली भरायची. यात तिप्पट पाणी काढावं लागत नाही. धीर मात्र लागतो. आमच्या मदतनीसाला सुरुवातीला हा पोरखेळ वाटला, आता पंप लावून तो सावलीत बसतो आणि आकडे मोठ्याने वाचतो.

आपल्याकडच्या कठीण खडकात काही बोअर इतके कंजूष असतात की हळू उपशानेही पातळी खाली जात राहते. असा बोअर कोरडा पाडू नका. जाळी उघडी पडली की पाणी वरून खाली पडताना हवा खातं, आणि तिथून पुढे लोह, नायट्रेट, हवेत उडून जाणारी रसायनं, कशाचाच भरवसा नाही. जाळीच्या वरपर्यंतच उपसा, थांबा, पाणी भरून आलं की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी नमुना घ्या आणि फॉर्मवर तसं लिहा.

हे सगळं केल्यावर पुढच्या ऑगस्टमध्ये तीन नंबरचं लोह बरंच खाली आलं. क्रोमियम गायब. मी खूश. नायट्रेट आणि कोलिफॉर्म जिथल्या तिथे.

बाटलीचा प्रवास

हा भाग लवकर उरकते, कारण सगळ्यांना माहीत असतो आणि कोणी पाळत नाही. नायट्रेटची बाटली ॲसिडशिवाय असेल तर 4 अंशांवर 48 तास. जंतूंची बाटली निर्जंतुक, झाकण आतून हाताला लागू न देता, शक्य तर सहा तासांत आणि काही झालं तरी 24 तासांच्या आत लॅबमध्ये. शनिवारी नमुने घेऊ नका. ऑगस्टची फेरी सणांमुळे नेहमीच पुढे सरकते. एका वर्षी ती सरकत सरकत अनंत चतुर्दशीला जाऊन टेकली, आणि गिरण्यांच्या झांक्या (चित्ररथ) बघायला अर्धं इंदूर रस्त्यावर असताना आमची बर्फाची पेटी गाडीतच रात्रभर राहिली. सकाळी बर्फाचं पाणी झालेलं. ती फेरी मी रद्द करायला हवी होती, केली नाही. तक्त्यात तो आकडा अजून आहे, शेजारी माझ्या हातची फुली आहे.

दर फेरीत एक कोरा नमुना पाठवा: लॅबचंच शुद्ध पाणी बोअरपाशी उघडून, त्याच पंपातून आणि नळीतून काढून भरलेलं. त्यात काही निघालं तर ते तुमच्या हातांचं, नळीचं किंवा बाटलीचं. वारा जिकडून येतो त्या बाजूला जनरेटर ठेवू नका. डिझेल भरलेल्या हातांनी बाटलीला शिवू नका. आणि एका बोअरचा नमुना नाव बदलून दोनदा पाठवा. दोन्ही उत्तरांत 20 टक्क्यांहून जास्त फरक आला तर लॅबमधल्या मॅडमना चहाला बोलवा.

"ये वाला बारिश में पानी पीता है"

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या वर्षी मेच्या शेवटी पातळी मोजायला गेले होते. उन्हाने काळी माती फुटून तिला भेगा पडलेल्या. तीन नंबरच्या भोवतीचा सिमेंटचा ओटा बघितला तर एका बाजूने तो अधांतरी होता. खालची माती आकसून सरकली होती आणि ओटा केसिंगला गळपट्ट्यासारखा अडकून राहिला होता. ओटा आणि पाइप यांच्या फटीत माझी चार बोटं गेली. चौकीदार काका मागे उभे होते. म्हणाले, "मॅडम, ये वाला तो बारिश में पानी पीता है. मैंने दो साल पहले बोला था." खरंच बोलले होते. बाकीच्या बोअरभोवती पाऊस पडला की डबकं साचतं, इथे साचत नाही, एवढंच ते सांगत होते. मी हसून पुढे गेले होते.

काळ्या मातीत हे होतंच. उन्हाळ्यात ती आकसते, पावसाळ्यात फुगते. दर वर्षी ओट्याला वर-खाली करते, शेवटी सिमेंट पाइपपासून सुटतं. पहिल्या पावसात माती अजून फुगलेली नसते, भेगा उघड्या असतात, आणि आवारातलं पाणी, वाटेत जे काही असेल ते घेऊन, पाइपच्या बाहेरच्या अंगाने सरळ जाळीपर्यंत उतरतं. खडकातून मुरायला जे आठवडे लागतात ते काही मिनिटांत उरकतं.

संशय आला म्हणजे सिद्ध झालं असं नाही. आम्ही तीन गोष्टी केल्या.

पहिली, बोअरची खोली मोजली. मारला तेव्हाच्या नोंदीत जी खोली होती तिच्यापेक्षा मोजपट्टी दीड मीटर आधीच टेकली. तेवढा गाळ तळाशी बसला होता. जाळी आणि खडी व्यवस्थित असलेल्या बोअरमध्ये इतका गाळ येत नाही. ही मोजणी पाच मिनिटांची आहे, दर फेरीत करा. आमच्या फॉर्मवर तिचा रकानाच नव्हता.

दुसरी, पहिल्या पावसाच्या आधी तीन नंबरमध्ये आणि तुलनेसाठी चार नंबरमध्ये पातळी नोंदवणारा लॉगर सोडला. लॉगर उसना आणला, विकत घेण्याइतका पैसा कोणी मंजूर करत नव्हतं. जूनच्या मध्यावर पहिला जोराचा पाऊस झाला. तीन नंबरची पातळी तासाभरात उसळली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उतरली. चार नंबर कित्येक दिवस हललाच नाही, मग सावकाश चढू लागला. खडकातून येणारं पाणी चार नंबरसारखं वागतं.

तिसरी चाचणी मला सर्वात आवडते, कारण तिला काही खर्च नाही. कोरड्या दिवशी ओट्याभोवती मातीचा छोटा बांध घातला. नळाच्या पाण्याची ईसी आधी मोजून घेतली, ती बोअरच्या पाण्यापेक्षा बरीच कमी होती. ईसीचा प्रोब बोअरमध्ये पाण्याच्या पातळीच्या जरा खाली सोडला आणि बांधात दोन ड्रम नळाचं पाणी ओतलं. काकांनी आणलेला चहा संपायच्या आत आकडा घसरायला लागला. बोअरभोवतीची वरची मातीच खराब असेल, तेल किंवा रसायन सांडलेलं असेल, तर मात्र ही चाचणी करू नका, ती घाण तुम्हीच खाली ढकलाल. आणि चाचणीनंतर भरपूर उपसा करून काही दिवस थांबल्याशिवाय नमुना घेऊ नका. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, जंतूंचा रिपोर्ट खोटाच स्वच्छ येईल.

दुरुस्ती

ओटा फोडला. केसिंगभोवती हाताने दीड मीटर खणलं, यंत्र लावलं असतं तर पाइपच तुटला असता. पाइपभोवतीची फट बंद करायला पाण्याने फुगणारी बेंटोनाइट नावाची माती भरतात, खाली तिचा पत्ता नव्हता. बोअर मारणाऱ्याने खणून काढलेली काळी मातीच परत लोटून वर सिमेंटचं झाकण घातलं होतं. बिलात बेंटोनाइट होतं. असो.

दाणेदार बेंटोनाइट आठ-दहा सेंटीमीटरच्या थरांनी भरलं, प्रत्येक थरावर स्वच्छ पाणी ओतून ते फुगेपर्यंत थांबलो. इथे घाई करू नका. कोरडं बेंटोनाइट एकदम ओतलं तर वरचा थर फुगून झाकण होतो आणि खालचं कोरडंच राहतं. एक गोष्ट लक्षात ठेवा की बेंटोनाइटही चिकणमातीच आहे, उघड्यावर सुकलं की तेही भेगाळतं. म्हणून ते जमिनीच्या अगदी वरच्या थरात उघडं ठेवायचं नाही. वरच्या भागात सिमेंट-बेंटोनाइटचं मिश्रण भरलं. नवा ओटा काळ्या मातीवर न बसवता ती काढून मुरुमाच्या थरावर बसवला, मुरूम फुगत नाही. ओट्याला चारही बाजूंनी बाहेर उतार दिला. केसिंग जमिनीपासून 60 सेंटीमीटर वर घेतलं, कुलूपबंद टोपी बसवली. सगळं जूनच्या आत व्हायला हवं होतं, झालं जुलैत, दोन सरींच्या मधल्या उघडिपीत.

मग बोअर पुन्हा साफ करून घेतला: हवेच्या दाबाने गाळ उडवला, पाणी निवळेपर्यंत पंप चालवला. खोली पुन्हा मूळ नोंदीवर आली. सिमेंटचा परिणाम दिसतो का म्हणून पीएच काही आठवडे बघत राहिलो, सुदैवाने हलला नाही.

हे सगळं वरच्या दीड मीटरचं ठिगळ आहे, हे मला माहीत आहे. खालपर्यंत बेंटोनाइट नाहीच. नियमाप्रमाणे तो बोअर बुजवून शेजारी नवा मारायला हवा, आणि तुमच्याकडे पैसे असतील तर तेच करा.

पण पावसाळ्यातला प्रत्येक उसळता आकडा खोटा नसतो

हे लिहिलं नाही तर लोक प्रत्येक वाईट रिपोर्टावर "ओटा फुटला असेल" म्हणून शिक्का मारतील, आणि मॅनेजर मंडळींना ते हवंच असतं.

दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी एका सलग थरात नसतं. वर झिजलेला खडक, त्याखाली फटी, मधूनच छिद्रांचा थर, मधे लाल मातीचा पट्टा. पुष्कळ बोअरला केसिंग फक्त वरच्या भुसभुशीत भागात असतं, खाली उघडा खडक. त्यामुळे अनेक फटींचं पाणी एकाच बोअरमध्ये मिसळतं. उन्हाळ्यात पातळी खोल असते तेव्हा खालच्या फटींचं पाणी मिळतं, पावसाळ्यात पातळी चढली की वरच्या झिजलेल्या थराचं पाणी आत येतं. तेच बोअर, दोन वेगळी पाणी. वरच्या थरात शेतातलं खत आणि शोषखड्ड्यांचं पाणी आधीच मुरलेलं असतं, त्याचं नायट्रेट पावसाळ्यात खरोखर चढतं. याची ओळख अशी की ते सावकाश चढतं, सावकाश उतरतं, शेजारच्या बोअरमध्येही कमी-जास्त दिसतं, आणि त्याच्याबरोबर ईसी घसरेलच असं नाही. शंका असेल तर ईसीचा प्रोब वरून खाली मीटर-मीटरने सोडत नोंद करा. जिथे आकडा अचानक पायरी घेतो तिथे नवी फट आहे. मग दोन खोलींवरून वेगवेगळे नमुने घ्या. आणि पंप दर वेळी त्याच खोलीवर सोडा, पातळी चढली म्हणून सोयीने वर घेऊ नका. आम्ही घेत होतो.

दुरुस्तीनंतरच्या ऑगस्टमध्ये तीन नंबरमध्ये कोलिफॉर्म निघाले नाहीत. गढूळपणा बाकीच्या बोअरसारखा. ईसी घसरली नाही. नायट्रेट निम्म्याने उतरलं, पण 45 च्या खाली गेलं नाही. मी तक्ता उघडून चार नंबरचा नायट्रेट पुन्हा पाहिला. तोही पावसाळ्यात चढतो, फक्त मर्यादेच्या आत चढतो म्हणून कोणी लाल केला नव्हता. म्हणजे उरलेलं नायट्रेट खरं आहे आणि जमिनीखालचं पाणी जिकडून वाहत येतं त्या बाजूने येतंय. कुंपणापलीकडे बटाट्याची शेतं आहेत आणि कुंपणाच्या आत कामगारांच्या शौचालयाचा शोषखड्डा, तीन नंबरपासून फार लांब नाही. मॅनेजरना अर्थातच बटाटे पटले. मला शोषखड्डा जास्त पटतो, कारण पाण्याचा उतार तिकडूनच आहे. या पावसाळ्याच्या आधी खड्ड्याच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक, असे दोन उथळ बोअर मारायचं ठरलंय. बेंटोनाइट मी स्वतः उभं राहून भरून घेणार.

राहता राहिले जुने रिपोर्ट. बोअरच खराब होता असं सिद्ध झाल्यावर मागच्या सगळ्या ऑगस्टचे आकडे काढून टाका, असं पत्र आलं. मी काढले नाहीत. त्या आकड्यांमध्ये ओट्यातून उतरलेलं पाणी किती आणि खड्ड्यातून आलेलं किती, हे आता वेगळं करता येत नाही, आणि त्यातला काही भाग खरा होता हे दुरुस्तीनंतरच दिसलं. प्रत्येक आकड्याच्या शेजारी एक ओळ टाकली: "बोअरचा ओटा सदोष, नमुना न गाळलेला, अर्थ लावताना काळजी घ्यावी." मॅनेजरनी त्या ओळीखाली सही केली आहे. दुसऱ्या फेरीला गेले तेव्हा चौकीदार काकांच्या खोलीत एक वही दिसली, त्यांनी स्वतः सुरू केलेली, कोणत्या पावसात कोणत्या ओट्याभोवती पाणी साचलं त्याची.